हळदीची काडतुसं

आमच्या घरी टेबलाच्या कडेला आवळून बसवायची यंत्रं दोन होती. एक शेवयांचं आणि दुसरं काडतुसांचं. दोन्हींना खालून स्क्रू, दोन्हींना बाजूला दांडा, आणि दोन्हींवरून आई आणि आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ठरलेलं भांडण. टेबल एकच होतं. चैत्रात आईला शेवया करायच्या असत आणि नेमका तेव्हाच आबांना काडतुसं भरायची हुक्की येई. आई म्हणायची, माझ्या शेवयांत छर्रे निघाले तर पाहुण्यांचे दात तुम्ही बसवून द्या. आबा हसायचे, टेबल ओल्या फडक्याने पुसून द्यायचे, आणि पुन्हा आपलंच यंत्र बसवायचे. हे कुणाला सांगितलं तर आता खरं वाटत नाही. माझ्या नातीला तर घरात बंदूक होती हेच खरं वाटत नाही, आणि ती बंदूक देवघराशेजारी खुंटीला टांगलेली असे म्हटल्यावर ती माझ्याकडे संशयाने बघते.

आमचं गाव कृष्णाकाठचं, उसाचं. ऊस आला की रानडुकरं आलीच. एका रात्रीत उभा फड आडवा करून जायची, खायची थोडं आणि लोळायची फार. आबा फौजेतून हवालदार म्हणून आले होते, आणि फौजेतही त्यांचं काम बंदुका चालवण्यापेक्षा बंदुका दुरुस्त करण्याचं. पिकाच्या रक्षणासाठी त्यांना दुनळी बंदुकीचं लायसन मिळालं होतं. नवी काडतुसं सांगलीच्या दुकानातून आणावी लागत आणि मिळत ती मोजकी. शिवाय वापरलेली वस्तू फेकून द्यायची म्हटलं की आबांच्या पोटात दुखायचं. उडवलेल्या काडतुसाची रिकामी नळी ते फडातून शोधून आणत, तोंडाशी नाक नेऊन वास घेत, आणि खिशात टाकत. मग एखाद्या दुपारी जेवणं उरकली की त्या सगळ्या नळ्या टेबलावर उभ्या राहायच्या.

मला त्या दुपारी फार आवडायच्या. नळीच्या बुडात ठिणगी पाडणारी पितळी टोपी असते, उडालेली जुनी टोपी खालून काढताना टक असा कोरडा आवाज व्हायचा. फुगलेली नळी मापात आणायला एक पोलादी कडं होतं, त्यातून ती दाबून काढली की आबा ती बंदुकीच्या नळीत सोडून बघत. आपल्या वजनाने अलगद आत गेली तर पास, अडली तर नापास. दारू आबांशिवाय कुणी हाताळायची नाही, ती भरताना घरात चूल विझलेली पाहिजे आणि कुणी बोलायचं नाही, हा फौजी कायदा. ते झालं की नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती, छर्रे, वर पुठ्ठ्याची चकती, आणि शेवटी माझं काम. यंत्राचा दांडा फिरवला की नळीची कड आत वळून पुठ्ठ्यावर बसायची, आई करंजीची कड मुडपते तशी. आबा बोट फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "मंगे, सुगरण हायस."

पुठ्ठ्याच्या चकत्या कापायचं काम सगुणाआत्याचं. सगुणाआत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्ष सरायच्या आत ती कपाळ पुसून आमच्या घरी परत आली होती. मला कळायला लागल्यापासून ती आमच्याच घरी, मागच्या सोप्यात, पांढऱ्या नाहीतर विटक्या लुगड्यात. आमच्याकडे आलेल्या लग्नपत्रिका लग्न झालं की तिच्याकडे जात. चांगला जाड पुठ्ठा असायचा. मांडीवर पाट घेऊन ती पोकळ तोंडाच्या छिन्नीवर हातोडी मारायची आणि गोल चकत्या पडायच्या. एखादीवर नुसतं श्री, एखादीवर अर्धा गणपती. तिला वाचता येत नव्हतं. सोनेरी अक्षरांवरून ती अंगठा फिरवायची आणि विचारायची, हे कुणाचं गं लगीन. ज्या लग्नांना तिला कुणी बोलावत नव्हतं, त्यांच्या पत्रिका ती आमच्या काडतुसांसाठी कापत बसायची. तेव्हा मला यात काहीच वाटलं नाही. आता वाटतं, आणि नुसतं वाईट नाही, संताप येतो.

काडतुसं दोन तऱ्हेची भरली जात. एक छर्ऱ्याची, डुकरांसाठी. दुसरी मोकळी, म्हणजे त्यात दारू आणि वर नुसता भाताचा कोंडा, आवाजापुरती. मोकळे बार रानात पाखरं उठवायला लागत आणि गावातल्या लग्नांना लागत. बाहेरून दोन्ही सारखीच दिसायची. म्हणून आबांनी खूण ठरवली होती. डिंकाच्या पाण्यात कालवलेल्या कुंकवाचा ठिपका चकतीवर असेल तर आत छर्रे, हळदीचा ठिपका असेल तर मोकळं. लाल म्हणजे धोका, हळद म्हणजे लग्नकार्य, यात चुकण्यासारखं काही नाही असं ते म्हणायचे. ठिपके मीच लावायची, आबा शेजारी उभे राहून बघायचे.

माझी थोरली बहीण शाली, म्हणजे आमची आक्का, तिचं लग्न वडूजकडच्या घरात ठरलं. मुलगा, जयवंत, फौजेतच होता आणि सुट्टी घेऊन येणार होता. लग्नाच्या खरेदीला आबा मला घेऊन सांगलीला गेले. हळद घ्यायची होती, बांगड्या घ्यायच्या होत्या, आणि त्यातच आबांनी आपलं एक काम घुसवलं होतं. काडतुसाचं तोंड वळायचा आमचा साचा झिजला होता, कड नीट बसत नव्हती, तो नवा घ्यायचा. हळदीच्या पेठेत शिरलं की नाकात, पदरावर, पापण्यांवर सगळीकडे पिवळं. तिथून आम्ही तसेच बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने बांगड्यांच्या दुकानात मांडतात तसे साचे लाल कापडावर मांडले. आबांनी प्रत्येक साचा उचलून आत करंगळी फिरवली, उजेडाकडे धरला, खिशातली आमची नळी त्यात बसवून बघितली. कड्याची तीन मापं नापास केली. टोपी बसवायचं हत्यार बघून त्याचा दांडा आखूड आहे म्हणाले. मी पार कंटाळून गेले होते, तेवढ्यात दुकानदाराने आणखी एक साचा काढला. तो वेगळाच होता. त्याच्या पोटात पाकळ्यांसारख्या खाचा होत्या आणि त्यातून वळलेल्या काडतुसाच्या तोंडावर पुठ्ठ्याची चकतीच लागत नव्हती. नळीची कडच चुण्या पडून मधोमध मिटायची, मोदकाच्या तोंडासारखी. वरून बघितलं तर चांदणी.

मी त्या चांदणीवरून बोट फिरवलं आणि आबांना म्हटलं की हाच घेऊ. मोकळ्या काडतुसांना चांदणी, छर्ऱ्याच्यांना गोल कड. बघायचीसुद्धा गरज नाही, हाताला कळेल. आबांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं पण मान हलवली. चांदणीला नळी नवी, ताठ लागते, आपल्या नळ्या पुन्हा पुन्हा भरून मऊ पडलेल्या, त्यांच्या चुण्या टिकायच्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. "रंग हाय की. रंगाला काय झालंय," ते म्हणाले आणि गोल कडेचा साचा त्यांनी फडक्यात गुंडाळला. येताना एस्टी स्टँडवर आम्ही भडंग घेतलं. सगळ्या भडंगाला हातावरच्या कच्च्या हळदीचा वास लागला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी देवक बसलं. आमच्यात देवकापाशी तलवार ठेवायची रीत. आमची तलवार कधीच कुणीतरी मोडीत घातली होती, म्हणून बंदूक ठेवायचे. बंदुकीबरोबर काडतुसांचा पत्र्याचा डबाही तिथेच पाटावर आला, नव्या भरलेल्या मोकळ्या काडतुसांसकट आणि शिलकीतल्या छर्ऱ्याच्यांसकट. एरवी तो डबा आबांच्या ट्रंकेत कुलपात असे. आईने बंदुकीला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. चुलत्या, माम्या, शेजारणी, सगळ्या येऊन वाहून गेल्या. सगुणाआत्या तेव्हा मागच्या अंगणात, लग्नाच्या स्वयंपाकासाठी रचलेल्या चुलवणापाशी तांदूळ निवडत होती. तिने माजघरात यायचं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगावंही लागलं नव्हतं. आक्काला तिने अंगाखांद्यावर वाढवलं होतं. आक्काच्या हळदीच्या वेळी ती दाराआड उभी राहून बघत होती आणि मी तिकडे बघितल्यावर ती मागे सरली.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्त होता. वऱ्हाड दुपारी उन्हं कलताना यायचं होतं, ते जरा आधीच आलं. वेशीजवळच्या मारुतीच्या देवळापाशी त्यांचा ट्रक थांबला आणि घरात एकच धावपळ उडाली. आमच्या गावात वऱ्हाडाला वेशीवर दोन बार काढून घ्यायचा रिवाज. दुनळीची एक नळी मुलीचा बाप आकाशात उडवतो, मग बंदूक मुलाच्या बापाच्या हातात देतो आणि दुसरी नळी तो उडवतो. बंदूक हातात देणं म्हणजे आपली पोर हातात देणं, असं जुनी माणसं सांगायची. आबा तेव्हा फेटा बांधत होते. बंदूक कधी दुसऱ्या कुणाला भरू न देणाऱ्या आबांनी त्या घाईत नानाकाकांना हाक मारली. नानाकाका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, पाचगणीला एका बोर्डिंग शाळेच्या मेसमध्ये स्वयंपाकाला होते आणि त्यांचा बंदुकीशी संबंध एवढाच की ती उडाली की ते कानांवर हात ठेवायचे. आबांनी त्यांना सांगितलं की डब्यातली हळदीची दोन घालून बंदूक घेऊन ये. नानाकाका घालून घेऊन आले. "हळदीचीच का?" आबांनी विचारलं. "व्हय की, दोन्हीबी हळदीची," नानाकाका म्हणाले. आबांनी ती काडतुसं स्वतः उचलली असती तर हातातल्या वजनावरूनच त्यांना कळलं असतं. हा विचार पुढे त्यांना किती वर्षं चावत राहिला असेल ते मला माहीत नाही, मला मात्र अजून चावतो.

मी करवली होते. नवी साडी, हातात पाण्याने भरलेला कऱ्हा, त्यावर नारळ. वेशीवरच्या जुन्या लिंबाखाली दोन्हीकडची माणसं समोरासमोर उभी राहिली. ताशा थांबला. समोर जयवंत, मुंडावळ्यांतून नुसते डोळे दिसत होते. त्याच्या शेजारी त्याचे वडील बापूराव, पैलवानासारखे उंच, पिळदार मिशा, आणि ट्रकातून उतरल्यापासून काहीतरी गंमत मनात असल्यासारखे हसत होते. आबा पुढे झाले, बंदूक सरळ आकाशाकडे धरली आणि पहिला बार काढला.

मोकळ्या बाराचा आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता. तो पोकळ असतो. हा तसा नव्हता. आबांचा खांदा मागे गेलेला मी बघितला, आणि मग वरून लिंबाची पानं पडायला लागली. नुसती पानं नव्हे, कोवळ्या डहाळ्या, लिंबोळ्या, चिरफळलेला पाला, असं सगळं भुरभुरत जयवंतच्या मुंडावळ्यांवर, बापूरावांच्या फेट्यावर, माझ्या कऱ्ह्यावरच्या नारळावर पडलं. बायका हसल्या. देवानेच अक्षता टाकल्या, असं कुणीतरी म्हणालं. ताशा पुन्हा सुरू झाला. मी भोवती बघितलं तर ज्यांना कळलं होतं असे तिथे तीनच चेहरे होते: आबांचा, माझा, आणि मुंडावळ्यांमागचे फौजी डोळे.

बापूरावांनी हसत हात पुढे केला. "हवालदार, आता आमचा बार. द्या हिकडं."

आबा हलले नाहीत. बंदूक त्यांनी छातीशी धरली होती, नळ्या वर. "न्हाई देता येत," ते म्हणाले.

बापूरावांना ती थट्टाच वाटली. त्यांनी पुन्हा हात केला. आबांनी पुन्हा नाही म्हटलं. ताशेवाल्याचा हात आपोआप थांबला. बापूरावांच्या मागची माणसं पुढे सरकली, कुणी म्हणालं की आमचा मान आहे, मान नसेल द्यायचा तर वडूजपर्यंतचा रस्ता आम्हाला माहीत आहे. बापूरावांचं हसू गेलं होतं. सगळ्या गावासमोर व्याह्याने त्यांचा हात रिकामा ठेवला होता. आक्का तिकडे घरात बोहल्याजवळ नटून बसली होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की दोन्हीकडून तिचं लग्न मोडतं आहे. बंदूक नाही दिली तर अपमान, आणि का नाही दिली ते सांगितलं तर त्याहून वाईट. काहीतरी खोटं सांगून वेळ मारून नेता आली असती. बंदुकीचा घोडा अडकला म्हणायचं, एवढंच. फौजेत बंदुका दुरुस्त केलेल्या माणसाला ते सुचलं नसेल असं मी मानत नाही.

आबांनी बंदूक बिजागरीवर मोडून उघडली, न उडालेलं काडतूस काढलं आणि बंदूक नानाकाकांकडे दिली. मग कमरेचा चाकू काढून काडतुसाचं तोंड उभं चिरलं, बापूरावांचा पुढे केलेला हात आपल्या हातात घेतला आणि त्यांच्या तळव्यावर काडतूस उलटं केलं. छर्रे पडले. काळपट, गोल, ज्वारीच्या दाण्यांएवढे. काही ओंजळीतून निसटून मातीत गेले, पण उरले तेही मूठभर होते. कडेत अडकलेली चकती शेवटी पडली, अर्धी दुमडलेली, आणि दिसणाऱ्या अर्ध्यावर सोनेरी श्री होता आणि हळद होती.

"मोकळा बार न्हवता, बापूराव," आबा म्हणाले. "वर गेला त्योबी न्हवता. माझ्याकडनं चूक झालीया."

एक बाई खाली मटकन बसली. बापूराव तळव्याकडे बघत होते, आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. ते बोलले ते इतकं हळू की पुढच्या रांगेलाच ऐकू आलं.

"थोरल्याच्या लग्नात म्या व्याह्याच्या फेट्याचा तुरा उडीवला हुता. तुऱ्यावर नळी धरून. मोकळ्या बारानं." त्यांनी आबांच्या फेट्याकडे बघितलं. "आज तुमचा उडवायचा हुता. समदं वऱ्हाड त्यासाठीच पुढं येऊन उभं राहिलंय."

माझ्या हातातला कऱ्हा कलंडला आणि पाणी साडीवर सांडलं, ते मला नंतर ओलं लागल्यावर कळलं. मी आबांच्या तुऱ्याकडे बघत होते. तो हिरव्या काठाचा तुरा सकाळी मीच चुण्या घालून दिला होता. त्याच्या खाली त्यांचं कपाळ होतं.

वऱ्हाडातला एक म्हातारा पुढे आला आणि म्हणाला की अपशकुन झाला, ट्रक फिरवा. दोघाचौघांनी माना हलवल्या. तेव्हा जयवंतने मुंडावळ्या हाताने बाजूला केल्या. नवरदेवाने वेशीवर बोलायची पद्धत नव्हती.

"बापू, त्येंनी सांगितलं नसतं तर?" तो म्हणाला. बस एवढंच.

बापूरावांनी छर्ऱ्यांवर मूठ मिटली. मग त्यांनी विचारलं, "भरली कुणी हुती?" नानाकाकांच्या तोंडून शब्द फुटत होता, त्याआधी आबा बोलले. काडतूस माझं, बंदूक माझी, हात माझा, असं म्हणून त्यांनी फेटा उतरवला आणि बापूरावांच्या पायाशी ठेवायला वाकले. बापूरावांनी तो मध्येच धरला. छर्रे असलेल्या हातानेच धरला आणि तसाच, घाईघाईत, वाकडातिकडा, आबांच्या डोक्यावर परत ठेवला. "चला, मुहूर्त जाईल," ते म्हणाले. ताशा वाजायला लागला. चालताना आबांच्या फेट्याच्या घड्यांतून एकेक छर्रा खांद्यावर पडत होता आणि ते झटकत नव्हते.

वऱ्हाड जानवसघराकडे वळलं आणि आम्ही दोघं घरी आलो. आबा सरळ माजघरात गेले, मी मागे. देवकापाशी डबा उघडाच होता. मला वाटत होतं की ठिपके लावताना लाल आणि पिवळ्यात माझाच गोंधळ झाला असणार. मी डब्यात डोकावले. एकाही काडतुसावर नुसता लाल ठिपका नव्हता आणि एकावरही नुसता पिवळा नव्हता. प्रत्येक चकतीवर हळदही होती आणि कुंकूही होतं, शेजारी शेजारी, नीट बोटाने टेकवलेलं. नानाकाका खोटं बोलले नव्हते. त्या डब्यातली सगळीच काडतुसं हळदीची होती.

मागच्या अंगणात सगुणाआत्या चुलवणापाशी बसली होती. वेशीवरची बातमी पोरांनी तिच्यापर्यंत पोचवली होती. तिने वर बघितलं नाही, पण उजवा हात पदराखाली घेतला. आबांनी तो बघितला होता. मीही बघितला होता. करंगळीशेजारचं बोट पिवळं आणि त्याच्या टोकाला लाल.

"सकाळी समदी मांडवात हुती," ती म्हणाली. "म्हटलं, कुणी न्हाई तवर जरा पुजावं. आपल्या शालीचं लगीन. दादा, काहींवर नुसतीच हळद हुती, काहींवर नुसतंच कुंकू. शुभकार्यात असं अर्धं बरं न्हवं म्हून म्या पुरं केलं." मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या हातनं करायचंच न्हवतं. माझा हातच वाईट."

घरातल्या सगळ्यांना त्या रंगांचा अर्थ माहीत होता. तिला कुणी सांगितलाच नव्हता. वर्षानुवर्षं तिने चकत्या कापल्या आणि ठिपके लावायच्या वेळी, हळदकुंकवाची वाटी निघाली की ती आपणहून उठून मागच्या सोप्यात जायची. तिला कसं माहीत असणार? आणि विधवेने देवकावरची काडतुसं पुजली हे वऱ्हाडातल्या त्या म्हाताऱ्याला कळलं असतं तर, छर्ऱ्यांनी जे मोडलं नव्हतं ते तेवढ्याने मोडलं असतं. वेशीवर आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी त्यांनी दोष स्वतःवर घेऊन ठेवला होता. आता तो दोष ते खाली ठेवणार नव्हते, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

आबांनी हौदातून तांब्या भरला. "हात फुडं कर," ते म्हणाले. थोरल्या भावाने बहिणीच्या हातावर पाणी घालायचं, आणि तेही फेटा बांधलेल्या मुलीच्या बापाने. आत्या हात पुढे करेना. त्यांनी तिचं मनगट धरून पुढे घेतलं आणि पाणी घातलं. पिवळं पाणी चुलवणाच्या राखेत गेलं. "हात वाईट न्हाई," आबा म्हणाले. "खूण वाईट हुती. ती माझी." मग ते मुलीच्या अक्षतांना गेले. आक्काचं लग्न लागलं. बुंदी उत्तम झाली होती म्हणतात, मला तिची चव आठवत नाही. आबांनी मात्र मंगलाष्टकं संपेपर्यंत मुठीतल्या अक्षता टाकल्याच नाहीत, आणि बघणाऱ्या बायका म्हणाल्या, बापाचं काळीज.

पुढे कितीतरी महिने ते यंत्र टेबलावर चढलं नाही. आईला शेवयांना मोकळं टेबल मिळालं तर तिलाच चुकल्यासारखं झालं. आबा बंदुकीला हात लावत नव्हते, डुकरांनी ओढ्याकडचा फड लोळवला तरी. सगुणाआत्या तर आता पत्रिकासुद्धा मागत नव्हती. ती देवघराकडे तोंड करून बसायचीही नाही. तिला कुणी बोल लावला नव्हता, कारण कुणाला कळलंच नव्हतं, पण ती स्वतःच स्वतःला लावत होती, आणि ते बघणं फार कठीण होतं.

नवरात्र बसलं आणि एक दिवस आबा मला म्हणाले, चल सांगलीला. या वेळी हळद घ्यायची नव्हती. आम्ही सरळ बंदुकीच्या दुकानात गेलो. लाल कापड पसरायच्या आधीच आबांनी चांदणीचा साचा मागितला. करंगळी फिरवली, उजेडाकडे धरला, आणि त्याच्यासाठी ताठ कोऱ्या नळ्याही घेतल्या. मग डोळे मिटून त्यांनी एक नमुन्याचं काडतूस बोटांत फिरवलं, दुसरं फिरवलं, पुन्हा पहिलं. दुकानदाराला वाटलं म्हाताऱ्याची नजर गेली. माझ्याकडे न बघता आबा म्हणाले, "तवाच तुझं ऐकायला पायजे हुतं." मला त्याने आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी पाट मांडला. त्यावर बंदूक, जुना साचा, नवा साचा, आणि नवी भरलेली काडतुसं, गोल तोंडाची आणि चांदणीची, मुद्दाम सरमिसळ करून. एकावरही रंगाचा ठिपका नव्हता. आई ताट घेऊन पुढे झाली तर तिला त्यांनी हाताने थांबवलं आणि मागच्या सोप्याकडे तोंड करून हाक मारली. आत्या दाराशी येऊन थांबली. घरात तेव्हा शेजारच्या दोन सवाष्णी बसल्या होत्या, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आईने क्षणभर आबांकडे बघितलं. मग हातातला हळदकुंकवाचा करंडा घेऊन ती स्वतः दाराशी गेली आणि तो तिने आत्याच्या हातात दिला. आईकडून ही अपेक्षा मी केली नव्हती.

आबा पाटासमोर बसले, डोळे मिटले आणि हाताला येईल ते काडतूस उचलून बोलायला लागले. चांदणी. गोल. गोल. चांदणी. एकदाही चुकले नाहीत. मग डोळे उघडून त्यांनी ती सगळी परत पाटावर उभी केली. "आता कितीबी रंग लाव, सगुणे," ते म्हणाले. "कुणाचं काय बिघडत न्हाई."

आत्या बसली. तिचं बोट हळदीत बुडालं, मग कुंकवात. पहिल्या काडतुसापाशी ते थांबलं, तिने आबांकडे बघितलं आणि मग टेकवलं. तिने एकेक काडतूस पुजलं, साचे पुजले, त्यांचे दांडे पुजले, बंदुकीच्या प्रत्येक स्क्रूला हळदकुंकू लावलं, आणि लावून झालेल्यांना पुन्हा लावलं. पुरणाचा नैवेद्य पार गार झाला. तिला कुणी घाई केली नाही.